क्लाउडवरून टीव्ही चॅनेल चालवताना: कॅमेऱ्यापासून प्रेक्षकाच्या पडद्यापर्यंत

स्टुडिओतून किंवा कार्यक्रमाच्या जागेवरून निघालेला सिग्नल हजारो मोबाइल, ब्राउझर आणि स्मार्ट टीव्हींवर पोहोचवायचा आहे, पण त्यासाठी स्वतःची सर्व्हररूम उभारायची नाही, एवढं काम या लेखात धरलं आहे. वाट ठरलेली असते. सिग्नल क्लाउडपर्यंत न्यायचा, तिथे त्याच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती काढायच्या, प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे, ते ओरिजिन (मूळ साठ्याच्या) सर्व्हरवर ठेवायचे, सीडीएनमार्फत, म्हणजे प्रेक्षकांच्या जवळ प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यामार्फत, वाटायचे आणि प्रेक्षकाच्या प्लेअरने ते पुन्हा जोडून दाखवायचे. प्रत्येक टप्प्यावर एक-दोन आकडे तुम्हालाच ठरवावे लागतात. नवीन माणसाचं चॅनेल अडखळतं ते बहुतेक वेळा हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून.

आधी कागदावर हिशेब

क्लाउडवर खातं उघडण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: एकाच वेळी जास्तीत जास्त किती प्रेक्षक असतील, एका प्रेक्षकाला सरासरी किती बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) जाईल आणि प्रक्षेपण किती तास चालेल. समजा सरासरी ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरली. ३ गुणिले ३६०० भागिले ८, म्हणजे एका प्रेक्षकामागे तासाला १३५० मेगाबाइट, साधारण १.३५ जीबी. दहा हजार प्रेक्षक एकदम बघत असतील तर तासाला १३.५ टीबी डेटा बाहेर जातो आणि त्या वेळचा प्रवाह सेकंदाला ३० गिगाबिट असतो.

बिलात बहुधा हाच आकडा सगळ्यात जड असतो. चॅनेल एन्कोड करायला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायला, दहा प्रेक्षकांसाठी जेवढा खर्च येतो तेवढाच दहा लाखांसाठी येतो. मोठ्या पुरवठादारांकडे आत येणारा डेटा सहसा फुकट असतो, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला मात्र पैसे पडतात. नेटफ्लिक्सने २००८ मध्ये डेटाबेस बिघडल्यावर क्लाउडकडे जायचं ठरवलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते स्थलांतर पूर्ण झालं. तरीही त्यांचा व्हिडिओ प्रेक्षकाकडे जातो तो ओपन कनेक्ट या त्यांच्या स्वतःच्या जाळ्यातून, इंटरनेट पुरवठादारांकडे बसवलेल्या पेट्यांमधून. आकडेमोड क्लाउडमध्ये आणि वाटप प्रेक्षकाच्या जवळून, ही विभागणी लहान चॅनेललाही लागू आहे. क्लाउडमधल्या मशीनवरून थेट प्रेक्षकाला व्हिडिओ पाठवायचा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या.

चौथी गोष्ट म्हणजे उशीर किती चालेल. कॅमेऱ्यासमोर घडलेलं प्रेक्षकाला २५ ते ३० सेकंदांनी दिसलं तर चालणार असेल, तर सगळं सोपं होतं. प्रेक्षक प्रश्न विचारणार असतील आणि पाहुणे उत्तर देणार असतील, तर २ ते ५ सेकंदांची कमी लेटन्सीची व्यवस्था लागते. तिच्यात प्रत्येक चूक दुपटीने बोचते, कारण प्लेअरच्या गाठीला साठा नसतो. पहिलं चॅनेल नेहमीच्या उशिरावर उभं करा आणि ते आठवडाभर न अडखळता चाललं की मग उशीर कमी करा.

पायरी १: सिग्नल क्लाउडपर्यंत नेणं

इथे दोन प्रोटोकॉल (सिग्नल पाठवायच्या पद्धती) नेहमी समोर येतात: आरटीएमपी आणि एसआरटी. आरटीएमपी टीसीपीवर, सहसा १९३५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतो. वाटेत पॅकेट हरवलं की टीसीपी ते परत येईपर्यंत मागचं सगळं अडवून धरतं, त्यामुळे खराब लाइनवर चित्र थांबत-थांबत येतं. एसआरटी यूडीपीवर चालतो. हरवलेलं पॅकेट तो परत मागतो, पण तुम्ही ठरवलेल्या वेळेच्या खिडकीतच. खिडकी संपली की ते सोडून पुढे जातो. सार्वजनिक इंटरनेटवरून सिग्नल न्यायचा असेल तर एसआरटीच घ्या. तो बनवणाऱ्या हैव्हिजन कंपनीने २०१७ मध्ये तो सगळ्यांसाठी मुक्त केल्यापासून जवळपास सगळ्या एन्कोडरमध्ये तो मिळतो.

एसआरटीमध्ये सगळा खेळ लेटन्सीच्या आकड्याचा आहे. मुळात तो १२० मिलिसेकंद असतो आणि बरेच जण तो तसाच ठेवतात. आधी स्टुडिओतून क्लाउडच्या मशीनला पिंग करून जाण्या-येण्याचा वेळ मोजा आणि त्याच्या चौपट लेटन्सी द्या. पिंग ८० मिलिसेकंद असेल तर ३२०. लाइन खराब असेल तर आणखी वाढवा. पुढे २५ सेकंदांचा उशीर होणारच आहे, तिथे अर्धा-एक सेकंद वाचवून हाती काही लागत नाही. दोन्ही टोकांना वेगळे आकडे दिले असतील तर मोठा लागू होतो. आकडा कमी पडला की चित्र बंद पडत नाही, दर काही मिनिटांनी कुठेतरी चौकोनी ठिगळं उमटतात आणि एसआरटीच्या आकडेवारीत टाकून दिलेल्या पॅकेटांची संख्या वाढत जाते. ठिगळं दिसली की एन्कोडरला दोष देण्याआधी ही संख्या बघा.

जोडणीत स्टुडिओच्या एन्कोडरला कॉलर (जोडणी सुरू करणारा) करा आणि क्लाउडला लिसनर (जोडणीची वाट बघणारा), म्हणजे स्टुडिओच्या फायरवॉलमध्ये बाहेरून येणारं पोर्ट उघडावं लागत नाही. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये मात्र पोर्ट उघडायचंच आहे आणि ते यूडीपीचं. इथे टीसीपीचं पोर्ट उघडून तासभर डोकं धरून बसणं ही अगदी नेहमीची चूक आहे. पोर्ट फक्त स्टुडिओच्या आयपी पत्त्यापुरतं उघडा आणि पासफ्रेज द्या. ती १० ते ७९ अक्षरांची लागते.

फुल एचडी सिग्नलला एच.२६४ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत) ८ ते १५ एमबीपीएस द्या. इथे कंजूषपणा केला तर पुढच्या सगळ्या प्रती त्या खराब मुळावरूनच निघतात. अपलोडची लाइन बिटरेटच्या किमान दीडपट हवी, कारण हरवलेली पॅकेटं परत पाठवायलाही जागा लागते. स्पीड टेस्ट काही सेकंदांची असते, त्यावर विश्वास ठेवू नका. प्रक्षेपणाच्याच वेळेला खरा सिग्नल तासभर पाठवून बघा. दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची आणि शक्यतो वेगळ्या केबलवरून येणारी घ्या.

कॅमेरा किंवा स्विचर इंटरलेस्ड सिग्नल देत असेल तर त्याचं प्रोग्रेसिव्ह इथेच, आकार बदलण्याआधी करून घ्या. इंटरलेस्ड चित्रात एक फ्रेम दोन वेगळ्या क्षणांच्या ओळींनी विणलेली असते. बोलणाऱ्या माणसाने हात हलवला की बोटांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. तसंच चित्र लहान केलं तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग कुठल्याही फिल्टरने त्या वेगळ्या होत नाहीत. सेकंदाला २५ फ्रेमच्या इंटरलेस्ड सिग्नलमध्ये ५० फील्ड (अर्ध्या ओळींची चित्रं) असतात. खेळासाठी त्यातून ५० फ्रेम काढा, चर्चेच्या कार्यक्रमाला २५ पुरतात.

पायरी २: दर्जाची शिडी

प्रत्येकाचं नेट सारखं नसतं, म्हणून एकाच सिग्नलच्या चार-पाच प्रती करायच्या. सुरुवातीला ही शिडी घ्या: १०८० ओळींना ५.५ एमबीपीएस, ७२० ला ३, ५४० ला १.८, ३६० ला ०.९ आणि २३४ ला ०.४. दोन पायऱ्यांमध्ये दीड ते सव्वादोन पटीचं अंतर असावं. पायऱ्या फार जवळ असल्या तर प्लेअर उगाच वर-खाली करत राहतो. फार लांब असल्या तर नेट जरा कमी होताच चित्र एकदम धूसर होतं. सगळ्यात खालची पायरी अनेक जण गाळतात. गाडीत बसून बघणाऱ्याचं प्रक्षेपण तीच वाचवते, तिला हात लावू नका.

आता की-फ्रेम. सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. की-फ्रेम म्हणजे आधीच्या चित्रांचा आधार न घेता पूर्ण उलगडणारी फ्रेम. प्लेअर एका पायरीवरून दुसरीवर उडी मारतो ती फक्त की-फ्रेमवरच. म्हणून सगळ्या पायऱ्यांत की-फ्रेम अगदी त्याच क्षणी आली पाहिजे. दर २ सेकंदांनी एक ठेवा: २५ फ्रेमला ५० फ्रेमचा गट, ५० फ्रेमला १०० चा. दृश्य बदललं की आपोआप की-फ्रेम टाकायची सोय बंद करा आणि गट बंदिस्त ठेवा, म्हणजे एका गटातली फ्रेम शेजारच्या गटावर अवलंबून राहत नाही. हे चुकलं की लक्षणं फसवी असतात. प्रत्येक पायरी वेगळी लावून बघितली तर झकास चालते, पण नेट कमी-जास्त झालं की अर्ध्या सेकंदाचं चित्र पुन्हा दिसतं किंवा प्लेअर गोल फिरत बसतो.

सेकंदाला २९.९७ फ्रेमचा सिग्नल असेल तर ६० फ्रेमचे २.००२ सेकंद होतात. एन्कोडरमध्ये गटाची लांबी सेकंदांत लिहिली तर काही एन्कोडर मधूनच एखाद्या गटाला एक फ्रेम कमी-जास्त करतात. लांबी नेहमी फ्रेममध्येच लिहा.

बिटरेटचं शिखर सरासरीच्या फार वर जाऊ देऊ नका. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्लेअरला मिळणाऱ्या यादीत, प्रत्येक पायरीचा बिटरेट जाहीर केलेला असतो आणि प्लेअर त्यावर भरवसा ठेवून पायरी निवडतो. ३ एमबीपीएस जाहीर केलेली पायरी धावपळीच्या दृश्यात ५ वर गेली तर शांत दृश्यात सगळं ठीक आणि गोल होण्याच्या क्षणी बफरिंग, असा अनुभव प्रेक्षकाला येतो.

आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, १२८ केबीपीएस, आणि तो व्हिडिओपासून वेगळा ठेवा, सगळ्या पायऱ्यांना एकच. पायरीगणिक वेगळा आवाज दिला की पायरी बदलताना टिचकी ऐकू येते. आवाजाची पातळी एकच ठरवून सगळीकडे पाळा. युरोपातल्या प्रसारकांचं ईबीयू आर१२८ हे मानक उणे २३ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं एकक) सांगतं.

कोडेक सुरुवातीला एच.२६४ च. एचईव्हीसी आणि एव्ही१ तोच दर्जा कमी बिटमध्ये देतात, पण थेट एन्कोड करायला जास्त ताकद मागतात आणि जुने टीव्ही ते उलगडत नाहीत. प्रेक्षक वाढले आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचं बिल वाढलं की मग त्यांचा हिशेब मांडा.

हे एन्कोडिंग कुठे करायचं? सेवा म्हणून मिळणारा एन्कोडर, उदाहरणार्थ ॲमेझॉनचा मीडियालाइव्ह किंवा गुगल क्लाउडचा लाइव्ह स्ट्रीम एपीआय, घेतला तर खर्च जास्त पण रात्री उठावं लागत नाही. स्वतः मशीन घेऊन एफएफएमपेग हा मोफत प्रोग्रॅम चालवला तर स्वस्त पडतं, पण लक्ष ठेवायला माणूस हवा. स्वतःचं मशीन घेताना बर्स्टेबल प्रकारातलं घेऊ नका. असं मशीन थोडा वेळ पूर्ण ताकद देतं, क्रेडिट संपलं की वेग कापतं. अर्ध्या तासाच्या चाचणीत सगळं सुरळीत आणि दोन तासांनी एन्कोडिंगचा वेग १.० च्या खाली, असं होतं. वेग १.० खाली गेला म्हणजे एक सेकंदाचं चित्र तयार करायला एका सेकंदाहून जास्त वेळ लागतोय. थेट प्रक्षेपणात ही तूट भरून निघत नाही. सीपीयू ७० टक्क्यांच्या आत राहील एवढं मोठं मशीन घ्या. स्पॉट प्रकारची स्वस्त मशीनंही थेट प्रक्षेपणाला नकोत. ॲमेझॉनवर ती परत घेण्याआधी दोन मिनिटांचीच सूचना मिळते.

पुरवठादाराची सेवा बंदही होऊ शकते, हे धरून चाला. मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर मीडिया सर्व्हिसेस ३० जून २०२४ रोजी बंद झाली आणि तिच्यावर चालणाऱ्या सगळ्यांना दुसरीकडे जावं लागलं. आत येताना एसआरटी आणि बाहेर जाताना एचएलएस किंवा डॅश (पायरी ३ मध्ये बघू), अशी दोन्ही दारं मानक ठेवा. एन्कोडरची सगळी मांडणी मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, फक्त वेबपानावरच्या बटणांत नको. मग मधलं घर बदलणं आठवड्याचं काम राहतं.

पायरी ३: तुकडे आणि मॅनिफेस्ट

ॲपलने २००९ मध्ये आणलेला एचएलएस आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेला डॅश, या दोन पद्धतींवर जवळपास सगळे प्लेअर चालतात. दोन्हींची कल्पना एकच: व्हिडिओच्या लहान फाइल आणि त्यांची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट. प्लेअर यादी परत-परत आणतो आणि नवा तुकडा दिसला की उचलतो. पूर्वी दोघांसाठी वेगळे तुकडे साठवावे लागत. सीमॅफ या मानकामुळे तेच तुकडे दोन्ही याद्यांत वापरता येतात, साठवण अर्धी होते आणि सीडीएनच्या कॅशमध्येही (तात्पुरत्या साठ्यात) एकच प्रत राहते.

तुकडा ६ सेकंदांचा ठेवा, म्हणजे २ सेकंदांचे तीन गट. थेट प्रक्षेपणात प्लेअर सहसा शेवटून तीन तुकडे मागे राहून सुरू करतो. तिथेच १८ सेकंद गेले. एन्कोडिंग, अपलोड आणि सीडीएन मिळून २५ ते ३० होतात. तुकडे २ सेकंदांचे केले तर उशीर १० सेकंदांच्या आसपास येतो, पण मागण्या तिप्पट होतात आणि नेट दोन क्षण गेलं तरी चित्र थांबतं. ४ सेकंद हा मधला मार्ग चांगला आहे, मात्र तुकड्याची लांबी गटाच्या पटीतच हवी. २ सेकंदांचा गट आणि ५ सेकंदांचा तुकडा मागितला तर पॅकेजर (तुकडे पाडणारा प्रोग्रॅम) कधी ४ चा तर कधी ६ चा तुकडा पाडतो.

वेळेच्या दोन खोडी इथे लपलेल्या असतात. पहिली: एसआरटीवरून येणाऱ्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये वेळ सेकंदाला ९०,००० टिकटिकींनी मोजतात आणि तो आकडा ३३ बिटांत बसवतात. ३३ बिट भरायला ९५,४४३ सेकंद लागतात, म्हणजे साधारण साडेसव्वीस तास. त्यानंतर मोजणी शून्यावर येते. चांगला एन्कोडर हे शांतपणे सांभाळतो. वाईट एन्कोडर त्या क्षणी आवाज आणि चित्र वेगळं करतो, सबटायटल गायब करतो किंवा थेट बंद पडतो. दिवसभराच्या चाचणीत हे हमखास सापडेलच असं नाही. म्हणून चॅनेल सलग किमान २७ तास चालवून बघितल्याशिवाय जाहीर करू नका.

दुसरी खोडी घड्याळाची. डॅशमध्ये पुढचा तुकडा कधी तयार असेल हे प्लेअर घड्याळावरून ठरवतो. पॅकेजरचं आणि प्रेक्षकाच्या उपकरणाचं घड्याळ काही सेकंदांनी चुकलं की प्लेअर अजून जन्मालाच न आलेला तुकडा मागतो आणि त्याला ४०४, म्हणजे ‘सापडला नाही’, असं उत्तर मिळतं. सगळ्या मशीनवर एनटीपी (घड्याळ जुळवून ठेवणारी सेवा) चालू आहे ना, हे बघा आणि मॅनिफेस्टमध्ये वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता द्या.

सबटायटल वेबव्हीटीटी फाइलमध्ये, यूटीएफ-८ मध्ये द्या. ती चित्रातच छापायची असतील तर देवनागरीसाठी वेगळी काळजी लागते. क्लाउडवरच्या हलक्या लिनक्स मशीनवर देवनागरी फॉन्ट बहुधा नसतोच, मग अक्षरांच्या जागी चौकोन येतात. फॉन्ट टाकला तरी अक्षरजुळणीची लायब्ररी नसेल तर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते आणि ‘स्त्री’ फुटून पाय मोडलेली अक्षरं ओळीने उभी राहतात. ‘किल्ल्यांच्या स्त्रिया’ एवढी एक ओळ छापून बघितली की दोन्ही दोष लगेच कळतात.

जाहिराती घालायच्या असतील तर सिग्नलमधल्या, जाहिरातीची जागा सांगणाऱ्या एससीटीई-३५ खुणा एन्कोडरने गिळू नयेत, पुढे द्याव्यात आणि खुणेच्या जागी की-फ्रेम टाकावी. ती नसली की कार्यक्रमाच्या शेवटच्या काही फ्रेम जाहिरातीनंतर डोकावतात. डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) हवं असेल तर ॲपलच्या उपकरणांना फेअरप्ले, अँड्रॉइड आणि क्रोमला वाइडवाइन आणि मायक्रोसॉफ्टच्या बाजूला प्लेरेडी लागतं. कार्यक्रमाच्या मालकाने करारात मागितलं असेल तरच या वाटेला जा. नाहीतर मुदत असलेला टोकन, म्हणजे पत्त्याला जोडलेला परवाना, पुरतो.

पायरी ४: ओरिजिन आणि सीडीएन

तुकडे ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडवरच्या फायलींच्या साठ्यात) किंवा पॅकेजरवर राहतात, तोच ओरिजिन. त्याच्यापुढे सीडीएन. लिहिण्याचा क्रम पक्का ठेवा: आधी तुकडा पूर्ण लिहायचा, मगच त्याचं नाव यादीत टाकायचं.

इथे मॅनिफेस्ट आणि तुकडे यांना कॅशची मुदत वेगवेगळी द्यावी लागते. तुकडा एकदा तयार झाला की बदलत नाही, त्याला दिवसभराची मुदत द्या. थेट प्रक्षेपणाचं मॅनिफेस्ट दर तुकड्याला बदलतं. त्याची मुदत तुकड्याच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नको, ६ सेकंदांच्या तुकड्याला २ सेकंद ठीक. सगळ्याला सरसकट एक मिनिट दिलं तर प्लेअरला तीच जुनी यादी मिळत राहते आणि साठा संपला की चित्र थांबतं. सरसकट एक सेकंद दिलं तर प्रेक्षकांच्या मागण्या ओरिजिनवर येऊन आदळतात.

४०४ उत्तरंही सीडीएन कॅश करतो, हे सहसा कुणी सांगत नाही. एखाद्या घाईच्या प्लेअरने तुकडा अर्धा सेकंद आधी मागितला, ओरिजिनने नाही म्हटलं आणि सीडीएनने ते ‘नाही’ दहा सेकंद जपून ठेवलं, तर त्या भागातल्या सगळ्या प्रेक्षकांना तयार असलेला तुकडाही मिळत नाही. चुकीच्या उत्तरांची मुदत एका सेकंदावर आणा.

मागण्यांचा अंदाज असा काढा. दर ६ सेकंदांनी प्रत्येक प्लेअर व्हिडिओचा एक तुकडा, आवाजाचा एक तुकडा आणि दोघांच्या याद्या अशा चार गोष्टी मागतो. दहा हजार प्रेक्षकांचे सेकंदाला सुमारे ६,७०० होतात. त्यातल्या ९९ टक्के कॅशमधून गेल्या तर ओरिजिनकडे ६७ येतात; ९५ टक्के गेल्या तर ३३५. अहवालात चार टक्क्यांचा फरक किरकोळ दिसतो, ओरिजिनवर तो पाचपट भार असतो. ओरिजिन शील्ड (ओरिजिनच्या पुढे असलेला जादा कॅश) आणि एकाच तुकड्याच्या एकाच वेळी आलेल्या मागण्या एकत्र करण्याची सोय, दोन्ही चालू करा.

टोकन पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर जोडत असाल तर कॅशच्या किल्लीतून (कॅश ज्या नावाने फाइल शोधतो त्यातून) तो वगळा. नाहीतर प्रत्येक प्रेक्षकाचा पत्ता वेगळा ठरतो, कॅश कुणाच्याच कामी येत नाही आणि चॅनेल नेमकं गर्दीच्या वेळी कोसळतं. टोकन सीडीएनने तपासायचा, ओरिजिनने नाही.

‘व्हीएलसीत चालतं, ब्राउझरमध्ये चालत नाही’ ही तक्रार आली की आधी कॉर्सचा हेडर (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला फाइल वापरायची परवानगी) बघा, मग एचटीटीपीएस. पान एचटीटीपीएसवर आणि व्हिडिओ साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर तो अडवतो.

दोन रस्ते

एन्कोडर दोन, दोन वेगळ्या झोनमध्ये (पुरवठादाराच्या स्वतंत्र डेटा सेंटरांत) आणि दोघांना वेगळ्या लाइनवरून सिग्नल. पण फक्त दोन यंत्रं लावून भागत नाही. दोघांचे तुकडे एकाच क्षणी सुरू झाले पाहिजेत आणि त्यांचे क्रमांक सारखे असले पाहिजेत. पहिला एन्कोडर ८,४१२ व्या तुकड्यावर आणि दुसरा, दोन तासांनी सुरू केल्यामुळे, ७,२१२ वर असेल, तर बदल झाल्यावर प्लेअरला यादी मागे गेलेली दिसते आणि तो थांबतो. क्रमांक घड्याळाच्या वेळेवरून काढायची सोय एन्कोडरमध्ये असते, ती वापरा. सिग्नलच आला नाही तर दाखवायला एक स्थिर पाटी तयार ठेवा. काळ्या पडद्यापेक्षा पाटी बघून प्रेक्षक जरा थांबतो.

मग केबल खरंच काढा. स्टुडिओची एक लाइन, मग एक एन्कोडर, मग ओरिजिनची एक बाजू, एकेक करून बंद करा आणि मोबाइल, ब्राउझर, टीव्ही समोर ठेवून काय दिसतं ते लिहा.

पायरी ५: प्लेअर आणि पहारा

ब्राउझरसाठी एचएलएस.जेएस किंवा शाका, अँड्रॉइडवर एक्झोप्लेअर, ॲपलवर त्यांचाच एव्हीप्लेअर. नवा प्लेअर लिहायला बसू नका. चाचणीला सात-आठ वर्षं जुना एक स्मार्ट टीव्ही नक्की ठेवा. त्याची मेमरी कमी आणि ब्राउझर जुना असतो, त्यामुळे बरेचसे दोष तिथे आधी दिसतात.

पहाऱ्याला तीन गजर लावा. मॅनिफेस्टमधला क्रमांक तीन तुकड्यांच्या वेळेत पुढे सरकला नाही तर पहिला. चित्र काळं, गोठलेलं किंवा आवाज शून्य राहिला तर दुसरा, कारण सगळे दिवे हिरवे असताना पडदा काळा असू शकतो. एन्कोडरच्या दृष्टीने काळं चित्रही चित्रच असतं. आणि तिसरा प्लेअरकडून येणाऱ्या माहितीवर: सुरू व्हायला लागणारा वेळ, बघण्याच्या वेळेतला बफरिंगचा वाटा आणि सुरूच न झालेल्यांची संख्या. ही माहिती शहर आणि इंटरनेट पुरवठादारानुसार वेगळी करून बघा. एकाच पुरवठादाराच्या प्रेक्षकांना त्रास होत असेल तर दोष बहुधा सीडीएन आणि त्याच्या जोडणीत असतो, एन्कोडर हलवून काही होत नाही.

रेकॉर्ड केलेले कार्यक्रम

फायलींचं काम निवांत असतं, म्हणून इथे स्पॉट मशीनं खुशाल वापरा. मशीन मधेच गेलं तर काम रांगेत परत पडतं, एवढंच. मूळ फाइल चांगली ठेवा, फुल एचडीला ५० एमबीपीएसच्या आसपासची, आणि ती कधीही पुसू नका. शिडी पुढे बदलेल तेव्हा तीच लागते. प्रत्येक कार्यक्रमाला एकच बिटरेट लावण्याऐवजी दर्जा ठरवून वर मर्यादा घाला. दोन माणसं बसून बोलतात त्या कार्यक्रमाला नाचाच्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी कमी बिट लागतात. दर्जा मोजायला नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये मुक्त केलेलं व्हीमॅफ हे साधन आहे, पण शेवटी मोठ्या पडद्यावर डोळ्यांनीही बघा, विशेषतः अंधारी दृश्यं आणि एका रंगाच्या भिंती.

अशा फायली ओळीने लावून चोवीस तासांचं चॅनेल करायचं असेल तर सगळ्या फायलींचा फ्रेमरेट आणि आवाजाची पातळी आधीच एक करून घ्या, आणि वेळापत्रकातली फट भरायला छोटे तुकडे तयार ठेवा.

प्रक्षेपण संपल्यावर

वरच्या शिडीची बेरीज ११.६ एमबीपीएस होते, म्हणजे तासाला ५.२ जीबी आणि दिवसाला १२५ जीबी. मागे जाऊन बघायची सोय चार तासांची असेल तर त्याहून जुने तुकडे आपोआप पुसण्याचा नियम स्टोरेजवर लावा. कार्यक्रमापुरतं चॅनेल असेल तर एन्कोडर सेवा थांबवा. सिग्नल येत नसला तरी चालू चॅनेलचे पैसे पडत राहतात. राखीव ठेवलेले आयपी पत्ते सोडा, दुसऱ्या झोनमधलं मशीन बंद झालं का ते बघा. खर्चाचा इशारा खातं उघडलं त्याच दिवशी लावलेला असावा, अंदाजाच्या निम्म्यावर एक आणि ऐंशी टक्क्यांवर दुसरा. दुसऱ्या दिवशी सीडीएनच्या अहवालातून सरासरी बिटरेट काढा आणि सुरुवातीला कागदावर धरलेल्या ३ एमबीपीएसच्या जागी तो लिहा. पुढच्या प्रक्षेपणाचा हिशेब त्या आकड्यावर करायचा.